डोंगरात कायमचं राहायला जायचंय: बयाणा देण्याआधी काय पाहावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं पन्नाशीच्या उंबरठ्यावर, दोघांचंही काम इंटरनेटवरून होणारं. मुलगा आठवीत. सोबत बहात्तर वर्षांच्या आई, त्यांना रक्तदाब आणि जुना दमा. २१०० मीटर उंचीवरचा एक प्लॉट मनात भरलाय: समोर शिखरांची रांग, बाजूने ओढा, वर जायला एक रस्ता. शहरातलं घर विकून तिथे बांधायचं आणि कायमचं राहायचं, तर फायदे-तोटे तोलून सांगा, असं तुम्ही म्हणता.

मी अभियांत्रिकी भूवैज्ञानिक आहे. डोंगरउतारावर घर, रस्ता किंवा टाकी बांधण्याआधी खालची जमीन तपासणं हे माझं काम, आणि राहतोही डोंगरातच. त्यामुळे तुम्हाला परावृत्त करण्यात मला काही रस नाही. पण फायदे आणि तोटे असे दोन रकाने आखून बसलात तर फसगत होईल, कारण फायदे बहुतेक सगळ्या डोंगराचे मिळून असतात आणि तोटे एकेका जागेचे. थंड हवा, शांतता, देखावा हे पाच किलोमीटर इकडे-तिकडे गेलात तरी तेच. दरड, पाणी, ऊन आणि रस्ता मात्र शंभर मीटरवर बदलतात. ‘डोंगरात जायचं’ एवढं तुमचं ठरलंय, म्हणजे सोपा अर्धा भाग झालाय.

फायद्यांवर फार वेळ घालवत नाही. ते तुम्हाला दिसलेत आणि ते खरे आहेत. तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे तुमच्या प्लॉटवर समुद्रसपाटीच्या मानाने तेरा-चौदा अंशांचा फरक पडेल. उन्हाळे जसे तापत चाललेत ते पाहता म्हाताऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. चालणं आपोआप होतं, धूर-धूळ कमी, रात्री आकाश दिसतं. घरातल्या धुळीत राहणारे माइट्स थंड, कोरड्या हवेत नीट तगत नाहीत, त्यामुळे ज्यांचा दमा धुळीने उसळतो त्यांना उंचावर बरं वाटतं. स्वित्झर्लंडमधल्या उंचावरच्या दावोसला दम्याच्या रुग्णांना पाठवत आले आहेत ते याच कारणाने. उंचावर राहणाऱ्या लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळतात, असाही एक स्विस अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. अशा आकड्यांकडे मी जरा तिरक्या नजरेने पाहतो. तब्येत ढासळली की माणसं खाली, मोठ्या रुग्णालयाजवळ राहायला जातात. वर उरतात ते बहुधा धडधाकट.

आता आई. हवेचा दाब २१०० मीटरवर समुद्रसपाटीच्या साधारण ७७ टक्के असतो, २५०० ला ७४ आणि ३५०० ला ६५. ऑक्सिजनचं हवेतलं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच, पण दाब कमी म्हणून एका श्वासात तो कमी येतो. उंचीचा त्रास, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, हा प्रामुख्याने २५०० मीटरच्या वर मुक्काम केला की सुरू होतो. म्हणजे तुमची उंची सीमेच्या अलीकडे आहे. तुलनेसाठी सांगतो, प्रवासी विमानाच्या केबिनमधली हवा जास्तीत जास्त २४०० मीटरइतकी विरळ ठेवता येते. आईंना विमानप्रवासात धाप लागत असेल, तर विषय तिथेच गंभीर होतो. धाप लागत नसेल तर ती चांगली खूण, पण तो काही तासांचा बसून केलेला प्रवास होता. इथे रोज चढायचं आहे.

पहिल्या दिवसांत नाडी वाढते, लघवीला जास्त होतं, रक्तदाब वर जाऊ शकतो. रक्तपेशी वाढून शरीर सरावायला काही आठवडे लागतात. आधीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस त्या काळात बदलावा लागू शकतो, आणि तो बदलणारा डॉक्टर जवळ लागतो. दम्याचं दुहेरी आहे. माइट्स कमी म्हणून बरं, पण हिवाळ्यातली कोरडी गार हवा नाकात शिरली की श्वासनलिका आकसते, आणि दरीत लाकडाचा धूर साचत असेल तर शहरातली हवा बरी म्हणायची पाळी येते. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला असेल, दमा मानता तो प्रत्यक्षात सीओपीडी (श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असेल, किंवा हिमोग्लोबिन बरंच कमी असेल, तर २१०० मीटरही जास्त आहे. इको (हृदयाची सोनोग्राफी), स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणं) आणि रक्ताची तपासणी करून त्यांच्या डॉक्टरांना थेट विचारा: ‘एवढ्या उंचीवर कायमचं राहणं चालेल का?’ ‘थंड हवेच्या ठिकाणी नेऊ का’ असं विचारलंत तर डॉक्टर सुट्टी समजून हो म्हणतील.

स्थानिक म्हातारी माणसं भारे घेऊन चढतात, मग आपल्याला काय होतंय, हा युक्तिवाद करू नका. जगात २५०० मीटरच्या वर आठ कोटींहून अधिक लोक राहतात. त्यांतल्या काही समाजांची शरीरं शेकडो पिढ्यांत उंचीला जुळलेली आहेत. तरीही सगळ्यांना मानवतं असं नाही. वर्षानुवर्षं फार उंचावर राहून रक्त दाट होण्याचा जो आजार आहे, त्याचं वर्णन पेरूच्या कार्लोस मोंगे यांनी १९२५ मध्ये केलं ते तिथल्या रहिवाशांमध्येच. २१०० मीटरवर त्याची भीती बाळगायचं कारण नाही. उद्या याहून वर जायचा मोह झाला, तर तेव्हा आठवा.

ऊन ही दुसरी गोष्ट. सुट्टीला जाणारे ती विचारातच घेत नाहीत, कारण सुट्टी छान हवेत असते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे उतरलेल्या उतारावर हिवाळ्यात ऊन येतं. उत्तरेकडच्या उतारावर तेच ऊन तासा-दीड तासावर येतं, कधी महिनोन् महिने येतच नाही. इटलीतल्या विगानेल्ला गावात ११ नोव्हेंबर ते २ फेब्रुवारी थेट सूर्यप्रकाश पोचत नसे. शेवटी २००६ मध्ये समोरच्या डोंगरावर मोठा आरसा बसवून चौकात ऊन पाडलं. नॉर्वेतल्या र्‍युकानने २०१३ मध्ये तेच केलं. तुमच्या प्लॉटवर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य किती वाजता दिसतो आणि किती वाजता जातो, हे मोबाइलवरच्या सूर्यमार्ग दाखवणाऱ्या ॲपवर आत्ताही पाहता येईल. दिवसातून निदान चार तास ऊन मिळत नसेल तर भिंती ओलसर, कपडे दमट, पाइप गोठलेले आणि माणसं उदास. अमेरिकेच्या डोंगराळ राज्यांत आत्महत्यांचं प्रमाण जास्त आहे. त्यामागे उंची किती आणि एकटेपणा किती यावर अजून वाद आहे. घरात कुणाला नैराश्याचा पूर्वेतिहास असेल तर तो हिशेबात धरा.

दरीचा तळही मोहात पाडतो, कारण तिथे जमीन सपाट असते. पण रात्री थंड हवा जड होऊन उतरत उतरत तिथेच साचते. वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि सगळ्या वस्तीचा धूर त्याखाली अडकतो. उताराच्या मधल्या पट्ट्यात रात्री तळापेक्षा कमी थंड असतात. जुन्या वस्त्या बऱ्याचदा त्याच पट्ट्यात सापडतात, हा योगायोग नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय, ‘आजूबाजूला सगळा तीव्र उतार, पण हा तुकडा तेवढा छान सपाट आहे.’ हे वाचून मी थांबलो. तीव्र उताराच्या मध्येच सपाट तुकडा कुठून आला, हा प्रश्न आमच्या धंद्यात पहिला. उत्तरं मोजकीच आहेत. नदीने कधीकाळी तयार केलेला जुना काठ असेल तर उत्तम. कठीण खडकाचा थर पायरीसारखा पुढे आला असेल तरी चांगलं. कुणीतरी वरचं कापून खाली माती लोटली असेल, तर तो भराव आहे आणि त्यावर घर खचेल. वरून कधीतरी डोंगराचा तुकडा सरकून तिथे येऊन बसला असेल, तर तुम्ही जुन्या दरडीवर घर बांधणार आहात. आणि घळीतून ओढा बाहेर पडतो तिथेच पंख्यासारखी पसरलेली ही जमीन असेल, तर ती त्याच ओढ्याने वाहून आणलेल्या दगडमातीची बनली आहे. ज्याने एकदा आणली तो पुन्हा आणेल. शंभर वर्षं आणली नाही म्हणजे सवय सुटली असं नसतं.

उत्तराखंडातल्या जोशीमठचं उदाहरण याच कामाचं. ते गाव जुन्या दरडीच्या दगडमातीवर वसलंय, जड बांधकाम टाळा, उतारावरचे मोठे दगड हलवू नका, सांडपाण्याचा निचरा नीट करा, असं सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच लिहून ठेवलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना भेगा पडल्या आणि कुटुंबं हलवावी लागली. अहवाल होता, तो कुणी पाळला नाही.

प्लॉटवर उभे राहून तुम्हाला स्वतःला जे दिसू शकतं ते सांगतो. यंत्र काही लागत नाही. झाडांचे बुंधे पाहा. जमिनीजवळ उताराकडे वाकून मग वर सरळ झालेली झाडं ओळीने दिसली, तर वरचा मातीचा थर हळूहळू सरकतो आहे. एखादंच झाड तसं असेल तर सोडून द्या, बर्फानेही ते वाकतं. विजेचे खांब, कुंपणाचे डांब एकाच बाजूला कललेत का? उताराच्या वरच्या टोकाला कमानीसारखी भेग किंवा अचानक एक-दोन मीटरची पायरी आहे का? खाली, उताराच्या पायथ्याशी, जमीन फुगलेली, उंचसखल, ओली आहे का, कोरड्या दिवसांतही हिरवीगार आहे का? वर भेग आणि खाली ओल, हे दोन्ही एकाच ओळीत सापडलं की मी बाकीचं पाहण्यात वेळ घालवत नाही.

ओढ्याकाठी वेगळ्या खुणा असतात. काठावरच्या झाडांच्या वरच्या अंगाला डोक्याइतक्या उंचीवर साल सोललेली असेल, तर दगड तिथपर्यंत वाहत आले होते. पात्रातल्या सर्वांत मोठ्या दगडाचा आकार बघा आणि तसाच दगड प्लॉटच्या मातीत अर्धा गाडलेला कुठे सापडतो का ते शोधा. सापडला, तर तो कसा आला याचं उत्तर विकणाऱ्याकडे नसतं. आणि ओढ्याच्या वर चढून जा, निदान एक-दीड किलोमीटर. वरती घळीत उन्मळलेली झाडं आडवी पडून पाणी अडलेलं असेल, वरच्या रस्त्याचा राडारोडा ओढ्यात ढकललेला असेल, तर पुढच्या जोरदार पावसात तो सगळा माल तुमच्या दिशेने निघणार. देखावा बघायला सगळे खाली तोंड करून उभे राहतात. धोका बहुधा पाठीमागून येतो.

धोका आहे म्हणजे डोंगर सोडायचा, असंही नाही. स्वित्झर्लंडमधलं ब्रिएन्झ गाव सरकत्या डोंगराखाली आहे. तिथे सततची मोजणी होती, म्हणून मे २०२३ मध्ये गाव रिकामं केलं आणि जूनच्या मध्यावर रात्री कोसळलेली दरड गावाच्या अगदी जवळ येऊन थांबली. त्याच देशातल्या ब्लाटेनवर २८ मे २०२५ ला हिमनदी आणि खडक कोसळून जवळपास सगळं गाव गाडलं गेलं, पण सुमारे तीनशे रहिवाशांना काही दिवस आधीच हलवलेलं होतं. एक जण सोडला तर माणसं वाचली, घरं गेली. तुमच्या खोऱ्यात अशी मोजणी कुणी करतं का, धोक्याचे नकाशे आहेत का, हे विचारा. आणि घरविम्याच्या कागदात जमीन सरकण्याचं कलम शोधा, कारण अनेक देशांतल्या साध्या घरविम्यात ते नुकसान वगळलेलं असतं.

जमीन चांगली निघाली तरी बांधणं तिला बिघडवू शकतं. नेहमीचा प्रकार असा: उतार अर्धा कापायचा, निघालेली माती पुढे ढकलून अर्धा सपाट करायचा आणि घर दोन्हींवर मिळून बांधायचं. मागची बाजू पक्क्या जमिनीवर, पुढची सैल भरावावर. दोन-तीन पावसाळ्यांत पुढची बाजू बसते आणि नेमकी दोहोंच्या सांध्यावर भेग जाते. घर पूर्ण कापलेल्या भागावर घ्या, किंवा पुढचे खांब भराव ओलांडून पक्क्या थरापर्यंत न्या. रिटेनिंग वॉल, म्हणजे उताराची माती धरून ठेवणारी भिंत, पडते ती बऱ्याचदा मागे साचलेल्या पाण्याच्या दाबाने. भिंतीला वीप होल, म्हणजे पाणी बाहेर जायची भोकं, हवीत, मागे खडीचा गाळणीथर हवा आणि ती भोकं वाहती हवीत. तिथल्या जुन्या भिंती जाऊन पाहा. मध्यावर पोट सुटलंय, भोकं मातीने बुजलीत किंवा गिलाव्याने लिंपलीत, असं दिसलं तर तो ठेकेदार आपला नाही. सेप्टिक टँकचा शोषखड्डा घराच्या वरच्या अंगाला किंवा भिंतीच्या मागे कधीच नको. रोज शेकडो लिटर पाणी उतारात मुरवत राहणं म्हणजे आपणच दरडीला वंगण पुरवणं. शिवाय खाली कुणाचा तरी पिण्याचा झरा असतो.

पाण्याबद्दल विकणारा म्हणेल, ‘बारमाही झरा आहे.’ बारमाही म्हणजे किती, ते मोजा. कोरड्या हंगामाच्या अगदी शेवटी जा, दहा लिटरची बादली धारेखाली ठेवा आणि घड्याळ लावा. चाळीस सेकंदांत भरली तर दिवसाला २१,६०० लिटर. चार मिनिटं लागली तर ३,६००. माणशी १३५ लिटर धरले तरी तुम्हा चौघांना ५४० पुरतात, म्हणजे दुसऱ्या आकड्यातही भागतं. पण त्या झऱ्यावर आणखी किती घरं, किती गुरं, कुणाची शेती आहे? आणि हक्क कुणाचा? डोंगरात पाण्याचे हक्क पुष्कळदा कागदावर नसतात, लोकांच्या स्मरणात असतात. कागद दाखवून नळ जोडलात तर पाणी मिळेल आणि शेजार जाईल. झऱ्याला पाणी पुरवणारं क्षेत्र खडकाच्या थरांच्या कलावर ठरतं, ते कधीकधी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असतं. तिथे कुणी रस्ता कापला की इकडचा झरा आटतो. म्हणून झरा कितीही चांगला असला तरी छतावरचं पाणी साठवायची टाकी पहिल्या आराखड्यातच घ्या.

रस्ता अंतरात मोजू नका, वेळेत मोजा, तोही वाईट दिवसाच्या वेळेत. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हृदयविकाराच्या झटक्यात अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत व्हावी असा प्रयत्न असतो. ही सोय असलेलं रुग्णालय, नुसता दवाखाना नव्हे, तुमच्या दारापासून पावसाळी रात्री किती तासांवर आहे? एकदा खरंच गाडी काढून जा. ‘दारापासून’ हा शब्दही मुद्दाम वापरला. रस्त्यापासून घरापर्यंत पन्नास-साठ पायऱ्या असतील तर त्या स्ट्रेचर घेऊन उतरायच्या आहेत, आणि दहा वर्षांनी त्याच पायऱ्या तुम्हालाही चढायच्या आहेत. रोगी माणूस, वॉशिंग मशीन आणि घोटा मुरगळलेला मुलगा, तिघांनाही वाट तीच.

एकच रस्ता ही गोष्ट मला ओढ्याइतकीच खटकते. दरडीने तो बंद पडला तर दोन-चार दिवसांची शिधासामग्री आणि महिन्याभराची औषधं घरात ठेवून निभावता येतं. वणव्यात तसं निभावत नाही. आग उतार चढताना वेग घेते. ढोबळ नियम असा की उतार दहा अंशांनी वाढला की वेग दुप्पट होतो. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज या डोंगरमाथ्यावरच्या गावात आणि आसपास ८ नोव्हेंबर २०१८ च्या वणव्यात ८५ माणसं गेली. बाहेर पडायचे रस्ते मोजके, ते गाड्यांनी गच्च भरले. शेजारी सूचिपर्णी जंगल असेल तर घराभोवतीच्या पहिल्या दीड मीटरमध्ये जळण्याजोगं काहीही ठेवू नका, सरपणाची रास तर नाहीच, आणि पन्हळीतला पाला साफ ठेवा.

बर्फ पडत असेल तर छताचं गणित करून घ्या. दबलेल्या बर्फाचं वजन घनमीटरला तीनशे किलो धरलं तर एक मीटर थर बसल्यावर शंभर चौरस मीटर सपाट छतावर तीस टन भार येतो. सपाट प्रदेशातल्या आर्किटेक्टचा नकाशा तसाच्या तसा उचलू नका.

लहानसहान गोष्टी भराभर सांगतो. पाणी ९३ अंशांवर उकळेल, कुकरशिवाय कडधान्य शिजता शिजणार नाही. जनरेटरची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, तेव्हा थोडा मोठा घ्या. अतिनील किरण दर हजार मीटरला दहा-बारा टक्क्यांनी वाढतात, बर्फावरून ते परतही फिरतात, डोळे सांभाळा. ग्रॅनाइटी खडकाचा भाग असेल तर बांधलेल्या घरात रेडॉन वायूची चाचणी करा. विजा पडतात, अर्थिंगवर पैसे वाचवू नका. ढगांच्या पट्ट्यात घर असेल तर लॅपटॉप, पुस्तकं आणि गाद्या बुरशीपासून वाचवणं हे रोजचं काम होऊन बसतं.

इंटरनेटवर तुमची चूल पेटते, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त. मोबाइलचा सिग्नल सरळ रेषेत येतो. मध्ये डोंगराची सोंड आली की शेजारच्या घरात चार रेघा आणि तुमच्याकडे शून्य. फायबर असेल तर ती त्याच एका रस्त्याच्या कडेने आलेली असते आणि रस्त्याबरोबरच तुटते. उपग्रहाच्या अँटेनाला मोकळं आकाश लागतं, ते अरुंद दरीत पुरेसं मिळत नाही. दोन वेगळ्या मार्गांनी येणाऱ्या जोडण्या आणि आठ तासांचा वीजसाठा, याच्याखाली उतरू नका.

माणसांबद्दल मी तज्ज्ञ नाही, फक्त शेजारी आहे. बाहेरून घरं घेणाऱ्यांकडे लोक थोड्या संशयाने पाहतात आणि त्यामागे कारणं आहेत. भाव वाढतात, वर्षातले दहा महिने कुलपं दिसतात. स्वित्झर्लंडने २०१२ मध्ये सार्वमत घेऊन, ज्या गावात वीस टक्क्यांहून अधिक घरं दुय्यम आहेत तिथे नवी तशी घरं बांधायला मनाई केली. हिमाचल प्रदेशात बिगरशेतकऱ्याला जमीन घेण्यावर १९७२ च्या कायद्याची बंधनं आहेत. तुमच्या भागातला नियम स्वतंत्र वकिलाकडून समजून घ्या, विकणाऱ्याने सुचवलेल्या वकिलाकडून नको. प्लॉटमधून कुणाची पायवाट जाते का, तेही पाहा. वर्षभर राहणारा, हाक मारली की धावणारा माणूस तिथे लवकर आपला होतो. पण त्यालाही रात्री-अपरात्री धावायची तयारी ठेवावी लागते.

मुलाचं म्हणाल तर आठवीतून नेणं आणि अकरावीत नेणं यात पहिलं बरं. पण पंधरा-सोळाव्या वर्षी मित्रांच्या घरी जायला प्रत्येक वेळी आई-बापाने गाडी काढावी लागणार असेल, तर तो तुमचा देखावा बघत बसणार नाही. त्याला विचारलंय का, हे पत्रात कुठेच नाही.

माझा सल्ला असा. जायला हरकत नाही, पण या प्लॉटवर आज नाही, आणि शहरातलं घर विकून तर नाहीच. ते भाड्याने द्या आणि त्याच खोऱ्यात भाड्याचं घर घ्या. तिथला जो सर्वांत वाईट काळ असेल, भर पावसाचा किंवा भर हिवाळ्याचा, त्याच्या आधी जा आणि तो पूर्ण काढा. आईंना सुरुवातीलाच नेऊ नका. आधी तुम्ही दोघं आणि मुलगा स्थिरावा, डॉक्टरांचा होकार आला की त्यांना आणा, आणि वाटेत हजार-बाराशे मीटरवर दोन-तीन रात्री थांबा. त्या काळात रस्ता किती वेळा बंद पडला, वीज किती तास गेली, झऱ्याची बादली किती सेकंदांत भरली, प्लॉटवर ऊन कधी आलं, हे एका वहीत लिहीत जा. मोठ्या पावसानंतर लगेच प्लॉटवर जाऊन ओढ्याचं पाणी गढूळ झालं का आणि कुठवर चढलं ते पाहा. अचानक गढूळ झालं किंवा भर पावसात पाणी एकदम कमी झालं, तर तिथे थांबू नका. वर काहीतरी कोसळलेलं किंवा अडलेलं असतं.

आईंना २१०० मीटर मानवणार नाही असं निघालं, तर त्याच डोंगररांगेत १२००-१४०० मीटरवर शोधा. तिथेही सपाटीपेक्षा आठ-नऊ अंश थंड मिळतं, आणि रुग्णालयही बहुधा जवळ येतं. प्लॉट मात्र ओढ्यापासून दूर, दक्षिणेकडे तोंड असलेला, शक्यतो दोन रस्त्यांचा बघा. तिथला भूवैज्ञानिक नेमताना त्याला एकच प्रश्न लेखी विचारा: हा सपाट तुकडा कशाचा बनलाय? त्यासाठी त्याला खड्डे खणून पाहू द्या. विकणारा खड्डे खणू देत नसेल, तर बयाणा खिशातच राहू द्या.